हाडं मोजणाऱ्या नीलिमाबाई

आमच्या दवाखान्यात हाडांची घनता मोजण्याचं मशीन आलं, तेव्हा ते कोण चालवणार यावर फारशी चर्चा झाली नाही. एक्स-रे विभागात दोनच माणसं. एक निवृत्तीला आलेले, दुसऱ्या नीलिमा गुरनुले. त्यांना पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं, तर मीच म्हणालो होतो, "माणूस झोपवायचा, बटण दाबायचं, कागद काढायचा. एवढ्यासाठी पंधरा दिवस कशाला?" मी इथला हाडांचा डॉक्टर. दोन वर्षांसाठी म्हणून नागपूरहून गडचिरोलीला आलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. माझ्या बोलण्याला तेव्हा कोणी उलट उत्तर देत नसे.

नीलिमाबाई गेल्या आणि परतताना दोनशे पानांचा एक इंग्रजी गठ्ठा घेऊन आल्या. हाडांची घनता कोणाची मोजावी, कशी मोजावी, आलेला आकडा कसा वाचावा, याची ती मार्गदर्शक तत्त्वं होती. असले गठ्ठे कपाटावर जातात आणि तिथेच राहतात. यांनी मात्र शब्दकोश घेऊन तो सहा महिन्यांत वाचून काढला. अडलं की माझ्याकडे येत. त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नसायचं. मग मी "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून न्यायचो आणि घरी जाऊन वाचायचो. कळलेलं सगळं त्या एका लांब वहीत मराठीत लिहीत. त्यातलं एक पान मी पाहिलं होतं: "पासष्टच्या वरच्या सगळ्या बाया. सत्तरच्या वरचे बाप्ये. आणि पन्नाशीनंतर उभ्याउभ्या पडून ज्याचं हाड मोडलं तो, कोणीही असो." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

त्या रेघांचं कारण मला दोन-तीन वर्षांनी कळलं. त्यांचं माहेर सावली तालुक्यातल्या एका धानाच्या गावात. वडील गुणवंतराव, आई रुखमाबाई. बावन्नाव्या वर्षी रुखमाबाई रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घसरल्या, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, सहा हप्त्यांनी निघालं, हात जुळला. सगळे खूश. नऊ वर्षांनी त्याच रुखमाबाई बाजेवरून उठता उठता कोसळल्या. खुबा मोडला होता. वर्षभर अंथरुणात राहून त्या गेल्या. नीलिमाबाई तेव्हा एक्स-रेचा डिप्लोमा करत होत्या.

"मनगट मोडलं तवाच कोणी इचारलं असतं, का वो बाई, एवढ्याशा पडण्यानं हाड काऊन मोडलं, त..." त्या मला म्हणाल्या. फिल्म सुकायला लावावी तशा शांतपणे हातातल्या कामाला लागल्या.

रोज सकाळी, पहिला पेशंट आत घ्यायच्या आधी, त्या मशीनवर एक ठोकळा ठेवत. माणसाच्या कण्यासारखी घनता असलेला, मशीनसोबत आलेला प्लॅस्टिकचा ठोकळा. त्याचा स्कॅन काढायचा, आलेल्या आकड्याचा ठिपका आलेखावर मांडायचा. बाहेर वीस माणसं बसलेली असली तरी ठोकळा आधी.

"बाई, हा काय रोज म्हातारा होतो का?" मी एकदा चिडून विचारलं.

"ठोकळा नाई बदलत साहेब. म्हणूनच त रोज मोजतो. त्याचा आकडा बदलला, म्हणजे मशीन बदललं."

मी माझ्या खोलीत गेलो.

नियमांचा एवढा आग्रह धरणारं माणूस कोरडं असेल असं वाटतं. मलाही वाटलं होतं. मग एका फेब्रुवारीत भामरागडकडून एक माडिया आदिवासी आजी आल्या. सकाळच्या एसटीनं निघून दुपारी पोचलेल्या. तपासणीआधी चोवीस तास कॅल्शियमची गोळी घ्यायची नसते. पोटात न विरघळलेली गोळी कण्यासमोर आली तर आकडा फुगतो. आजींनी बसमध्ये बसायच्या आधी गोळी घेतली होती, कारण गावातल्या आरोग्यसेविकेनं "गोळी चुकवू नका" असं बजावलं होतं. मी म्हणालो, "घ्या उरकून. एवढ्या लांबून आल्यात." नीलिमाबाई म्हणाल्या, "एवढ्या लांबून आल्या म्हणून त चुकीचा आकडा देऊन वापस नाई धाडत." आणि त्यांनी आजींना स्वतःच्या घरी नेलं. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर. पाहुण्यांची त्या घराला सवय होती. दुसऱ्या दिवशी दुपारी स्कॅन झाला. त्याच आठवड्यात नीलिमाबाईंनी माडिया बोलणाऱ्या आमच्या एका नर्सकडून मोबाइलवर एक निरोप बोलून घेतला: कोणती गोळी कधीपासून बंद ठेवायची, पिना आणि हुक नसलेले कपडे घालून यायचं, कमरेची पैशाची पिशवी सोबतच्या माणसाकडे द्यायची. तो निरोप भामरागड, एटापल्लीच्या सगळ्या आरोग्यसेविकांकडे गेला. गोळीपायी मुक्काम करावा लागलेला माणूस त्यानंतर मी पाहिला नाही.

आता कलाबाईंकडे येतो.

त्यांच्या गावाचं खरं नाव मी लिहीत नाही, सिरसटोला म्हणू. डांबरी रस्त्यावरच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत, जंगलाला लागून. धानाची शेती आणि मोह-तेंदू वेचणं. कलाबाई एकसष्ट वर्षांच्या. उंबरठ्यावरून अंगणात उतरताना पाय वाकडा पडला आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा सुनिल त्यांना घेऊन आला. मी ऑपरेशन करून सळई घातली. ऑपरेशनच्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती: हाड विलक्षण कडक लागत होतं, ड्रिल तापत होतं. मी मनात म्हणालो, काम करणारी बाई, हाड कसदार आहे. कसदार हाड उंबरठ्यावरून उतरताना मोडतं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

दोन महिन्यांनी त्या घनता मोजायला आल्या. या तपासणीत तुमचं हाड निरोगी तरुण माणसाच्या हाडाशी ताडून पाहतात. आकडा शून्याच्या आसपास असला तर ठीक, वजा अडीच किंवा त्याखाली गेला तर हाड ठिसूळ. आमच्याकडच्या बायांचे आकडे बहुतेक वजाच असतात. कलाबाईंच्या कण्याचा आकडा आला अधिक चार पूर्णांक एक.

"उत्तम," मी म्हणालो. "पंचविशीतल्या पोरीलाही लाजवतील. औषधाची गरज नाही, लिहून टाका."

नीलिमाबाईंनी कागद माझ्या हातातून परत घेतला. "हा आकडा मले पटत नाई साहेब."

"मशीन बिघडलंय?"

"सकाळी ठोकळा बराबर आला. मशीन चांगलं हाय."

"मग?"

"मग माझंच काई चुकलं असन. पुन्हा करतो."

त्यांनी कलाबाईंना पुन्हा झोपवलं. लुगड्याची गाठ तपासली, गळ्यातलं काढलं, गोळ्यांचं विचारलं, आधी कुठे पोटाचा तपास म्हणून पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला होता का तेही विचारलं. पायांखालचा चौकोनी ठोकळा नीट सरकवला, म्हणजे कणा पलंगाला सपाट टेकतो. आकडा तोच. कण्यातला एखादा मणका दबला असला तर तो एकटाच घट्ट दिसतो आणि सरासरी फुगवतो, म्हणून त्यांनी चारही मणके सुटे पाहिले. चारही सारखेच. मोडलेल्या पायात सळई होती, म्हणून दुसऱ्या पायाचा खुबा मोजला. तिथेही अधिकच. मग त्यांनी वही उघडली, बोट ठेवून काहीतरी वाचलं आणि हाताचं हाड मोजायला घेतलं.

हाताचा आकडा आला वजा दोन पूर्णांक तीन.

त्या सरळ माझ्या ओपीडीत आल्या. समोर पेशंट बसलेला होता तरी. "कण्याले डोंगर अन हाताले खड्डा," त्या म्हणाल्या. "एकाच बाईचे. अन चित्रात दोन हाडांच्या मधी कायतरी काट्यावानी दिसून राह्यलं. मशीनचं चित्र फुसकं असते, त्यावरून बोलता येत नाई. तुमी हाताचा एक्स-रे लिहून द्या."

मी लिहून दिला, खरं सांगायचं तर त्या जाव्यात म्हणून.

अर्ध्या तासानं फिल्म माझ्या टेबलावर आली. कोपराखालच्या दोन हाडांच्या मधल्या पडद्यावर चुना साचला होता, बाभळीच्या फांदीसारखा काटेरी. मला कॉलेजमधल्या पुस्तकाचं एक पान आठवलं, डाव्या बाजूचं, खालचं चित्र. पाण्यातून वर्षानुवर्षं फ्लोराइड पोटात गेलं की हाडं असं करतात. मोजायला जावं तर घट्ट, दगडासारखी. आणि दगडासारखीच तडकतात. मशीन खोटं बोललं नव्हतं. त्यानं घनता मोजली होती. घनता म्हणजे बळ, हे आम्ही गृहीत धरलं होतं.

"कलाबाई, पाणी कुठलं पिता?" मी विचारलं.

"बोरिंगचं. शाळेपाशीच्या. लय चांगलं पाणी हाय, काचावानी."

नीलिमाबाई तोवर जुन्या फायली काढायला गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन काढल्या. मंगली आणि रंभा, दोघी सिरसटोल्याच्याच, दोघींची हाडं किरकोळ पडण्यानं मोडलेली, दोघींचे कण्याचे आकडे तीनच्या वर. दोन्ही रिपोर्टांवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: "हाडे उत्तम. चिंतेचे कारण नाही." खाली माझी सही.

"तेव्हा तुम्हाला नाही खटकलं?" मी विचारलं. कोणावर तरी ढकलावं असं वाटत होतं.

"खटकलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तवा नवी होतो. तुमी उत्तम म्हटलं, म्हणून चूप बसलो. तेवढी माझी चूक हाय."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सिरसटोल्याला गेलो. फाट्यावर सुनिल मोटारसायकल घेऊन उभा होता. तिघं बसणं नीलिमाबाईंना मंजूर नव्हतं, म्हणून आम्ही चालत गेलो. त्यांच्या पिशवीत धुतलेल्या रिकाम्या बाटल्या होत्या. गावात पाण्याच्या जागा तीन: शाळेपाशी मोठी बोरिंग, हनुमानाच्या ओट्याजवळ दुसरी, आणि खालच्या टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत, सहा घरांपुरती जुनी विहीर. तिन्हींचं पाणी घेतलं, बाटल्यांवर जागा आणि तारीख लिहिली. गावातली मुलं भोवती गोळा झाली होती. नीलिमाबाईंनी त्यांना हसवलं आणि दात पाहिले. वरच्या वस्तीतल्या मुलांच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा होत्या, दात घडत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडची खूण. खालच्या टोलीतल्या चार मुलांचे दात पांढरेशुभ्र. कलाबाईंचे स्वतःचे दातही चांगले होते. बोरिंग आली तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या, दात कधीच तयार झालेले.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. शाळेजवळच्या बोरिंगमध्ये सहा निघालं. ओट्याजवळच्या बोरिंगमध्ये साडेतीन. विहिरीत अर्ध्याच्या आसपास.

मला वाटलं, काम झालं. निकालाचा कागद ग्रामपंचायतीला द्यायचा, बोरिंग बंद होईल. नीलिमाबाई म्हणाल्या, "कागद देऊन बोरिंग बंद होत नसते साहेब. मानसानं बंद केली त होते."

पुन्हा सिरसटोल्याला जाताना त्यांना लोकांना दाखवायला निरोगी हाताची एक फिल्म हवी होती. मी म्हणालो, "तुमच्या हाताचा काढा एक. पाच मिनिटांचं काम." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पदवीची लाज वाटावी. "बिनाकारणाचा एक्स-रे नाई काढत. माझ्या हाताले का झालं?" मग एका जुन्या पेशंटबाईंना फोन करून, त्यांची परवानगी घेऊन, नावावर चिकटपट्टी लावून, त्यांची फिल्म घेतली.

गाव शाळेच्या पडवीत जमलं. झिंगूभाऊ म्हणून गावातले जाणते, साठीचे. बोरिंगसाठी अर्ज लिहून घेणारे, तालुक्याला खेटे घालणारे तेच. ते उभे राहिले.

"बाई, या बोरिंगसाठी आमी सात वर्षं अर्ज केले," ते म्हणाले. "त्याच्या पहिले नाल्याचं पाणी पेत होतो. हगवणीनं लेकरं मरत. माझी एक पोरगी गेली. बोरिंग आली अन मरण थांबलं. आता तुमी येऊन म्हणता, बोरिंगच खराब?"

माझ्याकडे आकडे होते, पण या माणसाला सांगावा असा एकही नव्हता.

नीलिमाबाई खाली बसल्या होत्या, तशाच बसून बोलल्या. "तुमचं खरं हाय भाऊ. बोरिंगनं लेकरं वाचली. ते कोणी खोटं म्हणत नाई. पण त्या पाण्यात अजून एक गोष्ट हाय, तवा कोणालेच मालूम नोती. मलेबी मागच्या महिन्यात समजली. मी सांगून तुमाले पटणार नाई. तुमी सोताच पाहा." आणि त्या उठल्या. "सगळे उभे राहा. आता हनुवटी छातीले लावा."

माणसं हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकेकानं मान वाकवली. पोरांच्या हनुवट्या लागल्या. खालच्या टोलीतले सुकलूबाबा, सत्तरी ओलांडलेले, त्यांचीही सहज लागली. झिंगूभाऊंची हनुवटी छातीपासून चार बोटं वरच थांबली. त्यांनी जोर लावला, चेहरा लाल झाला, पण मान पुढे जाईना. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. त्याचीही लागत नव्हती. त्याच्या बायकोचीही नाही.

"सुकलूबाबा कुठलं पाणी पेतात?" नीलिमाबाईंनी विचारलं.

"इहिरीचं," कोणीतरी मागून म्हणालं.

नीलिमाबाईंनी दोन्ही फिल्म पिशवीतून काढल्या आणि पडवीच्या कडेला येऊन आभाळाकडे धरल्या. एका हातात कलाबाईंची, एका हातात त्या परक्या बाईंची. माणसं एकामागून एक येऊन पाहून गेली. कलाबाई कुबडी टेकत आल्या, स्वतःचं हाड बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मायबाप्पा. हे माझ्या आत हाय?"

झिंगूभाऊ सगळ्यांत शेवटी आले. "इहिरीचं पाणी पेऊन पुन्हा हगवण लागली त?" त्यांनी विचारलं. आवाज आता चढा नव्हता.

"त्याचा बंदोबस्त करूनच सांगून राह्यलो," नीलिमाबाई म्हणाल्या. विहीर उपसायची, कठडा उंच बांधायचा, ब्लिचिंग पावडर किती आणि किती दिवसांनी टाकायची, हे सगळं त्यांनी आरोग्यसेवकाला विचारून लिहून आणलं होतं. बोरिंगचं पाणी भांडी-धुण्याला चालेल, पिण्याला आणि रांधण्याला नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

विहीर त्या महिन्यातच उपसली गेली. वरच्या वस्तीतल्या बायांना आता हंडा घेऊन दुप्पट चालावं लागे, आणि काही घरांनी पहिले दोन-तीन महिने गुपचूप बोरिंगचंच पाणी भरलं. मग झिंगूभाऊंनी दोन्ही बोरिंगांना लाल रंग दिला. स्वतः, ब्रश घेऊन. पुढच्या वर्षी विहिरीवर टाकी आणि वरच्या वस्तीत नळ आला.

आता माझ्या वाट्याची गोष्ट. ती टाळून नीलिमाबाईंची गोष्ट पुरी होत नाही.

मंगली आणि रंभा यांचे जुने रिपोर्ट मी दुरुस्त केले. खोडाखोड न करता, नवा कागद, नवी तारीख: आकडा जास्त असला तरी हाड मजबूत नाही, फ्लोराइडचा परिणाम आहे. फायलीत लावायला नीलिमाबाईंकडे दिले. त्यांनी ते घेतले नाहीत.

"रिपोर्ट बदलून होत नाई साहेब. त्यायले सांगा लागते."

"कळवतो सुनिलकडून."

"सुनिलनं लिहिला होता का तो रिपोर्ट?"

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी फाट्यावर उतरून एकटा चालत गेलो.

रंभाबाईंनी ऐकून घेतलं, कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि पोह्याची बशी पुढे केली. त्यांना काय वाटलं ते मला कळलं नाही. मंगलीबाई अंगणात मोहफुलं निवडत होत्या. मी बसलो आणि सांगितलं की वर्षापूर्वी तुमची हाडं उत्तम आहेत असं मी लिहिलं होतं, ते चूक होतं. तुमची हाडं आजारी आहेत. तुम्हाला जो त्रास होतो तो खरा आहे.

त्यांचे हात थांबले. "हे जरा मोठ्यानं बोला," त्या म्हणाल्या आणि घराकडे वळून हाक मारली, "ये व सूनबाई, इकडे ये."

सून दारात आली. मंगलीबाई तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमी लिहून देलं, हाडं लोखंडाची हायेत. त्या दिवसापासून घरचे म्हणत, डॉक्टरनं त लोखंड सांगितलं, अन ही बाई वाकाले भेव करते, रोवणीले जाले कुरकुर करते. एक साल आयकलं मी."

मी सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. सून पुढे येऊन सासूच्या पुढ्यातली टोपली आपल्याकडे ओढून फुलं निवडायला बसली. दुसऱ्या दिवशी नीलिमाबाईंनी विचारलं, "सांगितलं?" मी "हो" म्हणालो. त्यांनी कागद घेतले आणि फायलीत लावले.

त्यानंतर आमच्या रिपोर्टाच्या छापील नमुन्यात दोन ओळी वाढल्या. एक, पेशंट पिण्याचं पाणी कुठून घेतो. दुसरी, कण्याचा आकडा अनपेक्षित जास्त असल्यास हाताचा मोजावा आणि डॉक्टरांनी सही करण्याआधी पेशंटला स्वतः तपासावं. दुसरी ओळ मीच घालायला लावली. गेल्या तीन वर्षांत या दोन ओळींमुळे आणखी एका गावाचं पाणी सापडलं.

गेल्या पावसाळ्यानंतर कलाबाई पुन्हा मोजायला आल्या. पाय जुळायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला होता, पण जुळला. कुबडी जाऊन काठी आली होती. नीलिमाबाईंनी त्यांना त्याच मशीनवर, त्याच बाजूनं, मागच्या वेळचा कागद समोर ठेवून झोपवलं. कण्याचा आकडा आला अधिक चार. मागच्या वेळी होता चार पूर्णांक एक.

"उतरला!" मी म्हणालो. हाडातलं फ्लोराइड सहजी निघत नाही हे मला माहीत होतं, तरी आनंद आवरला नाही.

"उतरला म्हणू नोका साहेब," नीलिमाबाई म्हणाल्या. "एवढा फरक एकाच मानसाले दोन डाव झोपवलं तरी पडते. मी तीस जनायचं दोन-दोन डाव मोजून काढलं हाय. ह्याच्यात फरक सांगता येत नाई, असंच लिहा लागन."

"लिवा तुमाले का लिवाचं ते," कलाबाई पलंगावरून उठत म्हणाल्या. "मागच्या साली माझं डोस्कं सूनबाई धुऊन देत होती. हात वर जात नोता. आता मी माझं मी धुतो. परवा शिकेकाई लावून धुतलं."

नीलिमाबाईंनी त्यांना हात वर करून दाखवायला सांगितलं. कलाबाईंनी केला, कानाच्या थोडा वर जाऊन हात थांबला. आमच्या रिपोर्टात याला रकाना नाही. नीलिमाबाईंनी खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: "आकड्यात सांगण्याजोगा फरक नाही. उजवा हात डोक्यापर्यंत जातो. स्वतःचे केस स्वतः धुतात." तारीख घातली, आणि कागद माझ्यापुढे सहीला ठेवला.